गुर्जींना विचारा

मी त्या शाळेवर हजर व्हायला गेले तेव्हा गुरुजींनी माझ्या तोंडाकडं पाहायच्या आधी माझ्या स्कूटीच्या चाकांकडं पाहिलं. गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, डॉक्टरनं जीभ बघावी तसं. मग सरळ होत म्हणाले, "चाकाला डांबर लागलंय. म्हंजे तालुक्याच्या नव्या रस्त्यानं आलाय तुमी."

"हजर व्हायचा आदेश तिथंच घ्यावा लागतो ना, गुरुजी."

"त्ये हाय. पर तितं कुनाकुनाला भेटला?"

नमस्कार वगैरे नंतर झाला. तोवर माझी पिशवी, माझा डबा आणि माझा फोन यांची नजरेनं झडती झाली होती.

मी आष्ट्याची. आमच्याकडं मागचं दार उघडलं की ऊस दिसतो, आणि एखाद दिवस पाणी आलं नाही तर गल्लीत चर्चा होते. माझी नेमणूक जत तालुक्यात, तीही कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या वस्तीवर झाली, तेव्हा आईनं काही न बोलता एक झाकणाची मोठी कळशी विकत आणली. वस्ती म्हणजे माळावर हाकेच्या अंतरावर विखुरलेली घरं. ज्वारीची रानं, मेंढरं, टँकरची वाट. निम्म्या घरांत मराठी, निम्म्यांत कानडी, आणि भांडण असलं की दोन्ही. मधोमध शाळेची एकच खोली, आणि त्या खोलीत पहिली ते चौथी सांभाळणारे एकटे गुरुजी. एकशिक्षकी शाळा म्हणतात तिला. माझ्या येण्यानं ती द्विशिक्षकी झाली, आणि गुरुजींची झोप उडाली.

"इतकी वर्सं दुसरा शिक्षक मागतूय, कुनी दिला न्हाई," ते पहिल्याच आठवड्यात खिचडी शिजवणाऱ्या मावशींना सांगत होते, मी ऐकतेय हे माहीत असून. "यंदा मागायचं इसारलो, तर ह्यास्नी पाठवलं. कशापायी? सांगा की."

मावशींना काय सांगता येणार? त्या म्हणाल्या, "आवं, शिकवाय पाठवलं आसंल."

"तसं म्हनायचं आसतं," गुरुजी म्हणाले.

मला त्यांचा राग यायचा, आणि तो मी कधी लपवला नाही. पण ते शिकवायला लागले की मी गुपचूप बघत बसायची. खोलीच्या चारी भिंती खालून कमरेइतक्या काळ्या रंगवलेल्या. प्रत्येक वर्गाला एक भिंत. पहिली उगवतीला तोंड करून, चौथी मावळतीला, दुसरी-तिसरी समोरासमोरच्या भिंतींकडं, आणि गुरुजी मधोमध. पाठमोऱ्या पोरांतून ते फिरत राहायचे. दुसरीचं गणित आणि चौथीचा भूगोल एका दमात सांगायचे, आणि कुणाचाही धागा तुटायचा नाही. बसायची खुर्ची मात्र दाराकडं तोंड करून. दुपारी डबाही दाराकडं तोंड करूनच खायचे.

सरकारी नियम असा की खिचडी पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं चाखून बघायची. मी आल्यावर ते काम त्यांनी माझ्याकडं दिलं. "नव्या मानसानं चाखावी," म्हणाले. मी घास गिळला की ते घड्याळात बघत आणि अधूनमधून माझ्याकडं. मावशी एकदा चिडल्या. "मी काय इख घालतीया व्हय त्यात?"

"तुमच्यावर न्हाई ओ, मावशी. तांदळावर डाऊट हाय. त्यो वरनं येतोय."

वरून येणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते फक्त 'ओके' लिहायचे, कारण जास्त शब्द लिहिले की माणूस सापडतो. फोन माणसाचं बोलणं ऐकतो अशी त्यांची खात्री होती, म्हणून शाळेत आल्या आल्या फोन रिकाम्या तांदळाच्या डब्यात जायचा आणि वर झाकण. मधेच कुणाचा फोन आला की पत्रा घुमायचा आणि पहिलीतली पोरं ओरडायची, "गुर्जी, तांदूळ वाजतोय." मावशी म्हणायच्या, गुर्जी सोताच्या सावलीलाबी इचारत्याल, कुनी पाठवलं तुला म्हणून.

महिन्याच्या बैठकीला आम्ही दोघं माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं तालुक्याला जायचो. त्या प्रवासात मला त्यांची दुसरी खोड कळली. रस्त्याच्या कडेला लांब माळावर एखादी पत्र्याची खोली दिसली की ते माझ्याकडं कलून हळूच म्हणायचे, "ती बगा. गेली."

"काय गेलं?"

"शाळा. आमच्यासारकीच हुती, एका खोलीची. आता कडबा भरत्यात."

पुढं आणखी एक, तिच्यात शेळ्या. आणखी एक, तिचं दारच नव्हतं. प्रत्येक बंद शाळेची त्यांना सगळी कुंडली पाठ होती. आधी वस्तीवर काहीच नव्हतं, पोरं मेंढरांमागं. मग एखाद्या लिंबाखाली कुणीतरी पाटी धरली. मग देवळाच्या ओसरीत. मग वस्तीनं बैलगाडीनं धोंडे वाहिले, कुणी जागा सोडली, कुणी वासे दिले, बायकांनी पाणी घातलं आणि खोली उभी राहिली. हे सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. मग एकदम कोरडा. "आन् आता पोरांचा पट कमी झाला म्हनत्यात. पट काय आपुआप कमी हुतोय व्हय, मॅडम? कुनीतरी करतंय म्हनून हुतोय."

कुणी, हा त्यांचा तपास वर्षानुवर्षं चालला होता. एका शाळेचा संशय रस्त्यावर होता. डांबरी रस्ता झाला, त्यावरून पिवळी बस यायला लागली, ती बस टाय लावलेली पोरं इंग्लिश शाळेला घेऊन गेली. "रस्ता कुनी मागितला हुता? कुनीबी न्हाई. मग झाला कसा?" एका शाळेचा संशय सरपंचाच्या पुतण्याच्या लग्नावर, एकीचा संशय बोअरला पाणी लागण्यावर. मी हसायची. पण खिडकीतून त्या खोल्या एकेक मागं पडायला लागल्या की हसू कमी व्हायचं. उतरताना ते ड्रायव्हरकडं बघून मला म्हणाले, "ह्यो बी कान दिऊन ऐकत हुता."

त्यांना माझा संशय, तसा मलाही त्यांचा यायला लागला. रोज जेवणानंतर ते चार-सहा पोरांना खोलीच्या मागच्या अंगाला न्यायचे. बारीक आवाजात काहीतरी चालायचं. मी गेले की सगळं गप्प. पोरं जमिनीकडं बघायची आणि गुरुजी आभाळाकडं. बाईमाणूस आहे मी. वर्तमानपत्रात काय काय येतं ते वाचते. दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी चपला काढून भिंतीच्या कडेनं गेले आणि डोकं काढून पाहिलं.

गुरुजींनी शर्ट आत खोचला होता, डोळ्यांवर काळा गॉगल चढवला होता आणि ते अगदी पुस्तकी मराठीत बोलत होते. "काय बाळ, कसा आहेस? छान. तुझं नाव काय?"

समोर तिसरीतला बिरू ताठ उभा. "गुर्जींना विचारा."

"कितवीत आहेस?"

"गुर्जींना विचारा."

"तुला मोठ्या शाळेत जायला आवडेल का, बाळ?"

"गुर्जींना विचारा."

मग पहिलीतली श्रावणी, मावशींची नात. तिनंही तेच सांगितलं, मान हलवून, एका सुरात. मी पुढं झाले. गुरुजींनी गॉगल काढला, पण ओशाळले नाहीत. पोरांना पिटाळलं आणि मला म्हणाले, "आता बगितलंच हाय तर ऐका."

आधीच्या वस्तीवरची त्यांची शाळा अशीच होती. एके दिवशी एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, गोड बोलणं, पोरांना बिस्किटं. म्हणाले, मुलांनो, मोठी शाळा आहे, तिथं कॉम्प्युटर आहे, मैदान आहे, न्यायला गाडी येईल, कुणाकुणाला आवडेल? हात वर करा. सगळ्यांचे हात वर गेले. गुरुजींना तर अभिमान वाटला, पोरं कशी चटकन उत्तर देतात म्हणून. पंधरवड्यानं कागद आला, की विद्यार्थी मोठ्या शाळेत जायला राजी आहेत, सबब ही शाळा बंद.

"आणि गाडी?"

"गाडी आली की. पावसाळ्यापतोर आली. मग रस्ता खराब झाला म्हनून न्हाई आली. पोरं चालत गेली, पोरी घरी बसल्या. दोगी मेंढरामागं गेल्या." त्यांनी गॉगल खिशात घातला. "हात वर कराय मीच शिकिवलं हुतं, मॅडम."

तरी मी म्हणाले, "पण गुरुजी, पोराला स्वतःचं नाव सांगायला बंदी, हे कसलं शिक्षण? आणि उद्या तुम्हीच म्हणालात सांगा म्हणून, तर सांगतील का?"

"त्येबी बगितलंय मी. मला पुडं घालून इचारत्याल. म्हनून पोरास्नी सांगून ठिवलंय. मी हसत हसत सांगा म्हनलो, तर सांगायचं न्हाई. सायबाफुडं मानूस हसतंय ते भ्यालेलं आसतंय. न हसता म्हनलो, तरच सांगायचं."

हे त्यांना फार हुशारीचं वाटलं होतं. मला वेडेपणाचं वाटलं, आणि मी तसं तोंडावर म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "आसू द्या. शाळा ऱ्हायली तर शानपन शिकवू."

पुढच्याच थंडीत तालुक्याला एक निनावी तक्रार गेली. आमच्या शाळेचा पट खोटा आहे, तपासणीच्या दिवशी हद्दीपलीकडच्या कर्नाटकातल्या वस्तीवरून मुलं उसनी आणून बसवतात, असं तिच्यात होतं. तक्रार कुणी केली ते आजतागायत कळलेलं नाही. गुरुजींना पहिला संशय कुणाचा आला असेल हे सांगायला नको. त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं आणि माझ्या स्कूटीची चाकं पुन्हा बघायला सुरुवात केली. मला लागलं ते. तोवर ती शाळा मलाही माझी वाटायला लागली होती.

एके सकाळी जीप आली. उतरलेले साहेब तरुण होते, वाईट माणूस नव्हते. त्यांनी बूट दाराबाहेर काढले, पोरांना बसा म्हणाले आणि आम्हा दोघांना व्हरांड्यात थांबायला सांगितलं. तक्रारच तशी होती, मुलांशी एकट्यानं बोलणं भाग होतं. आम्ही खिडकीपाशी उभे राहिलो.

"बाळ, तुझं नाव काय?"

"गुर्जींना विचारा," चौथीतली पोरगी म्हणाली.

साहेब हसले. दुसऱ्याला विचारलं. तेच उत्तर. तिसऱ्याला विचारलं, तेव्हा त्यांचं हसू गेलं. चारी भिंतींकडं फिरून झालं, आणि चारी भिंतींकडून एकच वाक्य आलं. शेवटी ते श्रावणीपुढं उकिडवे बसले. ती रडायच्या बेताला आली. तेवढ्यात मागून बिरू कुजबुजला, "हेळबॅड." सांगू नकोस, असं कानडीत. साहेबांनी झटकन मान वळवली.

"ही मुलं कानडी बोलतात?"

"निम्मी वस्तीच बोलते, साहेब," मी खिडकीतून म्हणाले.

त्यांनी गुरुजींना आत बोलावलं. "तुमची मुलं आहेत म्हणता, तर सांगा त्यांना नावं सांगायला."

गुरुजी आत गेले. साहेबांच्या शेजारी उभे राहिले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. बैठकीत ते मागच्या बाकावर बसायचे, साहेबापुढं उभं राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मला ते हसू माहीत नव्हतं. खांदे पडलेले, मान किंचित वाकडी आणि ओठ आपोआप फाकलेले. "सांगा रं पोरांनू," ते म्हणाले. "नावं सांगा सायबास्नी. मी सांगतोय न्हवं?"

पोरांनी एकदम त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"गुरुजी, हसू नका," मी खिडकीतून दबक्या आवाजात म्हणाले.

त्यांनी ऐकलं. ओठ मिटले. हातांनी तोंड पुसलं. पुन्हा म्हणाले, "सांगा रं." आणि पुन्हा ते हसू वर आलं. नोकरीभर ज्या माणसानं प्रत्येक साहेबापुढं तेच तोंड केलं, त्याला ऐन वेळी दुसरं सापडेना. त्यांचा घाम मला खिडकीतून दिसत होता.

पोरांना हे पढवलंय म्हणून सांगावं तर संशय वाढलाच असता, म्हणून मी आत घुसले आणि एकेकाकडं बोट दाखवून नावं सांगायला लागले. "मॅडम, तुम्ही नको," साहेब म्हणाले. "त्यांना सांगू द्या." मावशी पळी हातात घेऊन आल्या. "आवं सायेब, ही माजी नात हाय. श्रावणी, सांग गं बाई नाव." श्रावणीनं आजीकडं पाहिलं, गुरुजींच्या तोंडाकडं पाहिलं आणि ओठ आणखी घट्ट मिटले.

"तुमची नात आहे, आणि तुम्ही म्हणता तरी नाव सांगत नाही?" साहेब शांतपणे म्हणाले. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

जीप गेली. पोरं गुरुजींभोवती जमली. "गुर्जी, कुनीबी सांगितलं न्हाई," बिरू म्हणाला. छाती फुगली होती त्याची. गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हात बराच वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी त्या दिवशी शाळा लवकर सोडली.

पोरांचे आईबाप आधार कार्डं घेऊन तालुक्याला जाऊन आले. साहेबांनी ती पाहिली, उसन्या मुलांचा मुद्दा मागं घेतला. पण तोवर दुसरा मुद्दा पुढं आला होता: या शाळेतल्या मुलांना स्वतःचं नावही सांगता येत नाही. असली शाळा ठेवून काय करायची? उन्हाळ्यात आदेश निघाला. पोरं गावातल्या मोठ्या शाळेत, मीही तिथंच, आणि गुरुजी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. कुलूप लावताना मी रडले. गुरुजी रडले नाहीत. त्यांनी कुलूप ओढून बघितलं, मग दुसऱ्यांदा ओढून बघितलं, आणि किल्ली मावशींकडं दिली.

मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला वेगळी खोली, वेगळ्या बाई. आणि आमची पोरं तिथं जाऊन बोलेचनात. विचारलं की तेच उत्तर. मी समजावलं, लाडीगोडी लावली, ओरडले. काही उपयोग नाही. जून गेला. श्रावणीच्या वर्गाच्या बाई चांगल्या होत्या, पण एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "राग मानू नका, या मुलांत मुळातच काही कमी आहे का हो? डॉक्टरांना दाखवायला नावं पाठवू का?" त्या रात्री मी गुरुजींना फोन केला.

"तुमच्या शेजारी कोन बसलंय?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

"कुणी नाही, गुरुजी." मी सगळं सांगितलं. डॉक्टरांचं सांगितलं तेव्हा त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी सकाळी ते आले, दोन गाड्या बदलून. फाटकात उभं राहून त्यांनी इमारत खालपासून वरपर्यंत पाहिली. मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेतला. श्रावणीच्या बाईंना गाव विचारलं, सासर विचारलं, किती वर्षं नोकरी ते विचारलं. मग आमची सगळी पोरं व्हरांड्यात बोलावली आणि त्या बाईंना आपल्या शेजारी उभं केलं. हात मागं बांधले. चेहरा अगदी कोरा होता, दगडासारखा.

"ऐका," ते म्हणाले. "ही शाळा आता तुमची हाय. ह्या मॅडम आपल्यातल्याच हायेत. त्या जे इचारतील ते सांगायचं. म्या सांगितलं हुतं ते आता सोडून द्यायचं. भ्यायचं न्हाई."

पोरं त्यांच्या तोंडाकडं निरखून बघत होती. मग बिरूनं आपलं नाव सांगितलं. मग चौथीतून पाचवीत गेलेल्या पोरीनं. मग सगळ्यांनीच, एकमेकांना ढकलत, एका वेळी, न विचारलेलंही. कुणाची शेळी व्याली, कुणाचा भाऊ फौजेत आहे, कुणाच्या बापाचा पाय मोडलाय. बाईंच्या पदराला धरून पोरं बोलत होती आणि बाई हसत, डोळे पुसत ऐकत होत्या. गुरुजींकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही. ते पायऱ्या उतरून निघाले.

मी फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. "गुरुजी, खरंच विश्वास बसला का तुमचा? बाईंवर?"

"न्हाई," ते म्हणाले. मग थोडं चालून, "पर त्यास्नी हितंच शिकायचं हाय."

मागून पावलं वाजली. श्रावणी धावत येत होती, धापा टाकत, रिबीन सुटलेली. ती थेट गुरुजींच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"गुर्जी, म्या नाव सांगितलं. आयचंबी सांगितलं. आमचं घर कुटं हाय त्येबी सांगितलं."

गुरुजींचा चेहरा मला दिसत होता; साहेबापुढचं ते हसू त्यावर येऊ पाहत होतं. ते खाली वाकले आणि तिची रिबीन हातात घेतली.

"घरबी सांगितलंस?"

"व्हय. समदं."

"शाबास," ते म्हणाले, आणि रिबीन बांधायला लागले, पण त्यांना ती बांधता येईना.